गिनी पिग आणि न्यू जर्सी: आधी थोरलीची तपासणी, मग तिकिटं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यातल्या एका ताईंच्या यजमानांची तीन वर्षांसाठी न्यू जर्सीला बदली झाली आहे. मुलीची शाळा संपली की मे महिन्यात तिघांनी निघायचं ठरतंय. घरात दोन गिनी पिग माद्या आहेत, थोरली साडेपाच वर्षांची आणि धाकटी दोन वर्षांची. दोघी एकाच पिंजऱ्यात राहतात. ‘त्या नाहीत तर मीही नाही’ असं नऊ वर्षांच्या लेकीनं बजावलंय. सासूबाई त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं म्हणणं, ‘एवढ्याशा जिवांसाठी एवढा खर्च कशाला? मी बघते त्यांच्याकडे.’ एका एजंटानं मायक्रोचिप, रेबीजची लस आणि रक्ततपासणी लागेल असं सांगून मोठी रक्कम मागितली आहे. एका परिचितानं सुचवलंय की झोपेचं औषध देऊन हँडबॅगेत ठेवा, कुणाला कळत नाही. ताई विचारतात: त्यांना न्यायचं कसं? आणि मागे ठेवलं तर त्या आमच्याविना झुरून मरतील का?

ताई,

आधी हँडबॅगेचा विषय संपवू, कारण त्यातच सगळ्यात जास्त धोका आहे. विमानतळावर प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि आत जिवंत प्राणी असला तर तो पडद्यावर दिसतोच. मग मध्यरात्री सुरक्षा तपासणीच्या रांगेत तुम्हाला विमान किंवा त्या दोघी यांपैकी एकाची निवड करावी लागते, तीही रडणाऱ्या मुलीसमोर. कुत्र्या-मांजरांना केबिनमध्ये घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमान कंपन्याही गिनी पिग सहसा घेत नाहीत. त्यांना कार्गोतूनच जावं लागतं.

झोपेचं औषध तर नकोच. गिनी पिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. दिवसरात्र थोडं थोडं गवत खात राहिल्यानं त्यांची आतडी हलती राहतात. बारा-चोवीस तास खाणं थांबलं तर आतड्यांची हालचाल मंदावते, आत वायू साठतो आणि यकृतावर चरबी चढू लागते. एकदा हे चक्र सुरू झालं की प्राणी परत खाता करणं अवघड जातं. गुंगीत असलेला गिनी पिग खात नाही, पाणी पीत नाही, शरीराचं तापमान सांभाळू शकत नाही. त्याला उलटी होत नाही, म्हणून प्रवासाआधी उपाशी ठेवण्याचंही काही कारण नाही. उलट, पिंजऱ्यातून क्रेटमध्ये (प्रवासाच्या पेटीत) ठेवीपर्यंत आणि क्रेटमध्ये ठेवल्यावरही तोंडासमोर गवत हवं.

आता एजंटाबद्दल. त्यानं सांगितलेली यादी कुत्र्यांच्या परदेशप्रवासाची आहे. गिनी पिगला रेबीजची लस देतच नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याची एफिस ही शाखा पाळीव गिनी पिग, हॅमस्टर यांच्यासाठी प्राणी-आरोग्याच्या वेगळ्या अटी घालत नाही. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २००३ मध्ये आफ्रिकेतल्या कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवर बंदी घातली, कारण त्यांच्यासोबत मंकीपॉक्सचा विषाणू तिथे पोचला होता. गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्याला ही बंदी लागू नाही. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेले मायक्रोचिप आणि सहा महिने वयाचे नियम फक्त कुत्र्यांसाठी आहेत. वन्यजीव खात्याच्या नियमांतही गिनी पिग पाळीव जातींच्या यादीत आहे. दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्ये तो नाही, त्यामुळे तोही परवाना लागत नाही.

म्हणजे कागद लागत नाहीत असं नाही. ते अमेरिकेपेक्षा भारतातून बाहेर पडण्यासाठी आणि विमान कंपनीसाठी लागतात. नोंदणीकृत पशुवैद्याचा आरोग्य दाखला, आणि त्यावरून ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएस या केंद्रीय कार्यालयाचं निर्यात प्रमाणपत्र. हे कार्यालय पुण्यात नाही, मुंबईत आहे. बहुतेक विमान कंपन्या प्रवासाआधीच्या १० दिवसांतलाच आरोग्य दाखला धरतात, त्यामुळे तो महिनाभर आधी काढून उपयोग नाही. मात्र कार्यालयाला दीड-दोन महिने आधी ईमेल करून ‘दोन पाळीव गिनी पिग, अमेरिका, कार्गोने’ एवढं लिहून कोणकोणती कागदपत्रं लागतील आणि प्राणी दाखवायला कधी आणायचे हे लेखी मागवा. तिथे कुत्र्या-मांजरांचे अर्ज रोजचे असतात, गिनी पिगचा एखादाच. तोंडी उत्तरावर विसंबू नका. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असू शकतात (कॅलिफोर्नियात जर्बिल आणि फेरेट पाळायला बंदी आहे), म्हणून न्यू जर्सीच्या संबंधित खात्यालाही एक ईमेल टाका. आणि घरमालकाचा करार विसरू नका. पिंजऱ्यातले प्राणी चालतात का, त्यासाठी वेगळं भाडं किंवा डिपॉझिट आहे का, हे करारातच लिहून घ्या. प्राणी पोचल्यावर ही अट कळली तर फार हाल होतात.

दुसऱ्या देशांत जाणाऱ्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकते, कारण हा फरक फार मोठा आहे. ब्रिटनला भारतातून गिनी पिग न्यायचे तर आधी परवाना काढावा लागतो आणि तिथे पोचल्यावर ४ महिने क्वारंटाइनमध्ये ठेवावे लागतात. पाच ते आठ वर्षं जगणाऱ्या प्राण्याचे चार महिने, तेही घराबाहेर, म्हणजे फार झाले. तिथे जाणाऱ्या बहुतेकांना मी नेऊ नका असंच म्हणेन. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाहीत. युरोपीय संघात कुत्रा, मांजर आणि फेरेट यांच्यासाठी समान नियम आहेत, कृंतकांसाठी मात्र प्रत्येक देशाचा आपापला, त्यामुळे जर्मनीचं उत्तर नेदरलँड्सला लावू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण निर्णय तिच्यावर फिरू शकतो. परत यायचं झालं तर? परदेशात राहून परतणाऱ्यांना सामानासोबत पाळीव प्राणी आणायची जी सवलत आहे, ती कुत्र्या-मांजरांपुरती आहे. गिनी पिग परत आणायचे म्हणजे आयातीच्या परवान्यांच्या मागे लागावं लागतं, आणि ते जाण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यामुळे जाणं एका दिशेचंच धरा. तीन वर्षांच्या नेमणुकीला हे चालेल, कारण थोरली तेव्हा साडेआठ वर्षांची असेल, म्हणजे बहुधा नसेलच. पण कुणी अकरा महिन्यांच्या प्रोजेक्टवर जात असेल तर न्यायचा विचारच करू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, झुरून मरण्याचा.

गिनी पिग माणूस ओळखतात. फ्रिज उघडल्याचा आवाज आला की शिट्ट्या मारतात, हातावर येतात, लेकीच्या मांडीवर पसरतात. पण त्यांचा दिवस आणि रात्र ज्याच्याभोवती फिरते तो प्राणी म्हणजे पिंजऱ्यातली दुसरी गिनी पिग. ते कळपाचे प्राणी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळणं कायद्यानं मना आहे, ते याचमुळे. तुम्ही गेलात, पण जोडीदारीण, पिंजरा, वास, गवताच्या वेळा तशाच राहिल्या, तर त्या चार-आठ दिवस बिचकतील आणि मग रुळतील. याउलट धाकटीला नेलंत आणि थोरलीला ठेवलंत, तर दोघींचं खाणं खरोखर कमी होऊ शकतं. ‘वय झालेली राहू दे, तरुण नेऊ’ हा मध्यममार्ग वाटतो, पण तोच सगळ्यांत वाईट. दोघी जातील किंवा दोघी राहतील, एवढं आजच पक्कं करा.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, नेणं म्हणजे प्रेम आणि ठेवणं म्हणजे टाकून जाणं. मला वाटतं, ते गृहीतकच तुम्हाला जास्त छळतंय. प्राण्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न वेगळा होतो. साडेपाच वर्षांच्या मादीला सुमारे तीस तासांचा प्रवास झेपेल का? आणि तिला मागे ठेवलं तर तिच्याकडे लक्ष देऊ शकणारं माणूस आहे का?

पहिल्याचं उत्तर पशुवैद्य देईल, पण तपासण्या मागून घ्याव्या लागतील, कारण साध्या ‘फिट टू फ्लाय’ दाखल्यासाठी सहसा वजन आणि ताप एवढंच बघतात. या वयाच्या माद्यांमध्ये अंडाशयात गाठी होणं खूप आढळतं, त्यासाठी सोनोग्राफी करा. पुण्यात बरेच जण वर्षभर लसूणघास घालतात. त्यात कॅल्शियम जास्त असल्यानं मोठ्या गिनी पिगना मूतखडे होतात. एक क्ष-किरण फोटो काढलात तर मूत्राशयातला खडा दिसेल. तोंडात उपकरण घालून मागच्या दाढा बघायला सांगा, दाढ वाढून जिभेवर आली असेल तर ती प्रवासात खाणंच सोडेल. छाती ऐकून घ्या. यातलं काही निघालं, किंवा गेल्या दोन-तीन महिन्यांत तिचं वजन हळूहळू उतरत असेल, तर ती जाऊ नये. अशा वेळी खर्चाचा किंवा लेकीच्या हट्टाचा प्रश्न उरत नाही.

दुसऱ्याचं उत्तर सासूबाईंपाशी आहे. ‘मी बघते’ हे त्या मनापासून म्हणाल्या असतील, पण बघणं म्हणजे काय हे त्यांना नीट सांगायला हवं. रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघींचं वजन घेऊन लिहायचं. ५० ग्रॅम उतरलं तर लक्ष वाढवायचं, दहा टक्के उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. लेंड्या कमी झाल्यात का, बारीक झाल्यात का, हे रोज बघायचं. या प्राण्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, वजनी किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून द्यावं लागतं, म्हणून ढोबळी मिरची आणि कोथिंबीर चुकवायची नाही. पेलेट्सच्या, म्हणजे तयार दाणेदार खाद्याच्या पुडीवर भरवसा नको, तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातलं हे जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं. आणि डॉक्टर गिनी पिग जाणणारा हवा. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं त्यांना मारक ठरतात. हा कागद सासूबाईंच्या फ्रिजवर चिकटवा. त्यांना हे जमणार असेल आणि आवडणार असेल, तर तुमच्या थोरलीसाठी खालचा मजला हे उत्तम घर आहे.

आणि मे महिना? तो सोडूनच द्या. गिनी पिगला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. २७-२८ च्या वर, त्यातही दमट हवेत, त्यांना उष्माघात होतो, कारण त्यांना घाम येत नाही. मुंबईत मे महिन्यात मध्यरात्रीही पारा २७-२८ च्या खाली फारसा उतरत नाही. विमानाच्या पोटात, जिवंत प्राण्यांच्या कप्प्यात, हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. धोका जमिनीवर असतो, गोदामापासून विमानापर्यंतच्या ट्रॉलीवर, दार उघडं असताना, विमान उशिरा सुटताना. म्हणूनच अनेक अमेरिकन कंपन्या जमिनीवरचं तापमान साधारण २९ अंशांच्या वर असेल तर प्राणी स्वीकारत नाहीत, आणि साधारण ७ अंशांच्या खाली असेल तर वेगळा दाखला मागतात. दोन्ही टोकं सांभाळणारे काळ म्हणजे नोव्हेंबर आणि मार्चचा पहिला पंधरवडा. त्यातही थंडीची लाट आली तर तारीख पुढे ढकलायची तयारी ठेवा.

माझा सल्ला असा. तुम्ही तिघं मे महिन्यात जा. दोघी सासूबाईंकडे राहू देत. कार्गोत प्राणी पाठवायला मालक त्याच विमानात असावा लागत नाही. इथे पाठवणारा आणि तिथे उतरवून घेणारा, दोघांची नावं आणि ओळखपत्रं लागतात. नोव्हेंबरपर्यंतच्या सहा महिन्यांत तुम्हाला दोन गोष्टी कळतील. सासूबाईंना हे झेपतं का, आणि थोरलीची तब्येत कुठे चालली आहे. वजनाची वही बघून ऑक्टोबरमध्ये ठरवा. वही ठीक असेल, सासूबाई खूश असतील, तर पाठवूच नका, हे मी स्पष्ट सांगते. सासूबाई थकल्या असतील आणि थोरली धडधाकट असेल, तर पाठवा, आणि नीट पाठवा. त्यासाठी पुढचा तपशील.

आधी तास मोजा. पुण्याहून मुंबई चार तास. कार्गोत प्राणी सुटायच्या चार ते सहा तास आधी द्यावे लागतात. थेट विमान पंधरा-सोळा तास. उतरल्यावर गोदाम आणि कस्टम्स मिळून तीन ते सहा. घर एक तास. म्हणजे थेट विमान मिळूनही सत्तावीस ते तेहतीस तास. मध्ये थांबा असेल तर तो प्राण्यांची सोय असलेल्या विमानतळावर हवा. फ्रँकफर्टला लुफ्तान्सा कार्गोचं प्राण्यांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथे पाणी-गवत बदलता येतं. पण त्या देशाचा ट्रान्झिट नियम आधी लेखी विचारून घ्यायचा. लंडनमार्गे नकोच. उन्हाळ्यात आखाती देशांतून नको.

बुकिंग प्रवासी खिडकीवर होत नाही, विमान कंपनीच्या कार्गो विभागात होतं. जिवंत प्राण्यांसाठी त्यांचा संकेत एव्हीआय आहे, ईमेलमध्ये तोच वापरा. एजंट घ्यायचाच असेल तर इपाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्य-यादीत त्याचं नाव बघा आणि त्याला एवढंच विचारा: याआधी कृंतक प्राणी पाठवलेत का, कोणत्या कंपनीनं, आणि एक्यूसीएसचं कोणतं प्रमाणपत्र मिळालं? रेबीजच्या रक्ततपासणीची भाषा करणाऱ्याला बहुधा यातलं काही सांगता येणार नाही. भाडं समजून घ्या. कार्गोत खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० नं भागायचं. ६० × ४० × ४० चा क्रेट म्हणजे १६ किलो, आत दोन किलोचे प्राणी असले तरी. म्हणून अवाढव्य क्रेट घेऊ नका, पण दोघी अंग पसरून झोपू शकतील, वळू शकतील आणि एकमेकींपासून थोडं सरकू शकतील एवढा हवाच. हा आकार दोघींना पुरतो. दोघींना एकाच क्रेटमध्ये पाठवायचं असं कंपनीला आधी कळवा.

क्रेटचे नियम आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमावलीत असतात आणि ती दरवर्षी सुधारली जाते, त्यामुळे चालू वर्षाची गरज कार्गोकडूनच विचारा. पुठ्ठा किंवा कापडी बॅग चालत नाही, त्या कुरतडतात. मांजरांचा कडक प्लास्टिकचा क्रेट घेतला तर त्याच्या फटींवर आतून १२ मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी बसवा. दोन भाग जोडणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा काढून धातूचे नट-बोल्ट लावा, आणि दाराला चार कोपऱ्यांत केबल-टाय. सुताराकडून बनवून घेणार असाल तर प्लायवूड सांगा. साध्या लाकडाच्या पेटीवर आंतरराष्ट्रीय उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. बाहेर ‘जिवंत प्राणी’ असं इंग्रजीत किमान अडीच सेंटिमीटर उंच अक्षरांत लिहिलेलं लेबल, ‘ही बाजू वर’चे बाण, आणि दोन्हीकडच्या पत्त्यांसह फोन नंबर. वर एका पारदर्शक पाकिटात कागदांच्या प्रती आणि एका पानावर खाण्याच्या सूचना.

आत काय घालायचं, त्याचा हिशेब सोपा आहे. साधारण किलोभराचा गिनी पिग दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास कोरडं खातो आणि सुमारे १०० मिलिलिटर पाणी पितो. दोघींना तीस तासांना दीडशे ग्रॅम गवत आणि पाव लिटर पाणी लागेल, पण काही तुडवलं जाईल, काही ओलं होईल. म्हणून ३०० ते ४०० ग्रॅम टिमोथी हे वाळवलेलं गवत आणि २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. बाटली नेहमी एका बाजूला गळते, आणि ओल्या गवतात बसलेल्या प्राण्याला थंडी बाधते. म्हणून बाटलीखाली एक उथळ भांडं पक्कं बांधा आणि गवताची गच्च गादी पाण्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. तळाला वर्तमानपत्राचे थर, त्यावर लाकडी पेलेट किंवा भट्टीत वाळवलेला पाईनचा भुसा, वर फ्लीसचा एखादा तुकडा. देवदाराचा सुगंधी भुसा नको, त्याचा वास त्यांच्या फुफ्फुसांना त्रास देतो. काकडीचे जाड तुकडे दोघींसाठी मिळून १००-१५० ग्रॅम ठेवा, त्यातून पाणी मिळतं. कोबी, फ्लॉवर आणि फळं त्या दिवशी नको, पोट फुगवतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, उरलेलं गवत आणि भाजी अमेरिकेत बाहेर नेता येणार नाही. कृषी तपासणीत ते टाकून देतील आणि ते बरोबरच आहे. न्यू जर्सीत टिमोथी गवत सहज मिळतं, घरी आधी आणून ठेवा.

सवय हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि घाईत लोक तोच वगळतात. सहा ते आठ आठवडे आधी क्रेट पिंजऱ्यात उघडा ठेवा, लपायची जागा म्हणून. चार आठवडे राहिले की दिवसातून एकदा दार लावून अर्धा तास आत गवत आणि आवडीची भाजी द्या. प्रवासातल्या बाटलीतूनच आतापासून प्यायला शिकवा. लसूणघास किंवा हिरवं गवत घालत असाल तर महिनाभर हळूहळू टिमोथीवर आणा, खाणं एकदम बदललं तरी आतडी बिघडतात. दोन तासांची गाडीची फेरी करा, मग पाच-सहा तासांची. फेरीत खाल्लं नाही तर तारीख ठरवू नका.

निघायच्या दिवशी गाडी आधी थंड करा. क्रेट पुढच्या सीटमागच्या तळाशी ठेवा, एसीचा झोत थेट अंगावर नको. थंड बाटली टॉवेलात गुंडाळून क्रेटला बाहेरून टेकवा. बोरघाटाच्या वळणांवर क्रेट घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा. गाडीत कुत्राही असेल तर गाडी बदला. बोर्डेटेला हा जिवाणू कुत्र्यांमध्ये काही न होता असतो, गिनी पिगला त्यापासून न्यूमोनिया होतो. कार्गोत नोंद करतानाही क्रेट कुत्र्यांपासून दूर ठेवायला सांगा. प्राणी मुंबई विमानतळाच्या सहारमधल्या कार्गो संकुलात द्यायचे असतात, प्रवासी टर्मिनलच्या दारात नाही. टॅक्सीवाल्याला हे आधी सांगा. एअर वेबिलची, म्हणजे कार्गोच्या पावतीची प्रत आणि नंबर लगेच न्यू जर्सीला पाठवा, म्हणजे तिकडे यजमान विमान उतरताच गोदामाशी बोलू शकतील. कस्टम्स ब्रोकर लागेल का, हे कार्गोला आधीच विचारा, कारण रविवारी सकाळी उतरलेला क्रेट सोमवारपर्यंत अडकवून ठेवणं परवडणार नाही. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशीचं विमान घ्या.

घरी पोचल्यावर लगेच मांडीवर घेऊ नका, हे लेकीला आधीपासून समजावून सांगा. मोठा पिंजरा, गवताचा ढीग, पाणी, लपायला जागा, शांत खोली, हीटरपासून लांब. वजन घ्या. पुढचे चोवीस तास लेंड्या मोजायच्या. बारा तास लेंडी नाही, पाठ कुबडून बसलीय, दात करकरतायत, लाळ गळतेय किंवा नाकातून स्राव येतोय, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. तिथे कुत्र्या-मांजरांचे बहुतेक दवाखाने गिनी पिग बघत नाहीत, ‘एक्झॉटिक’ प्राण्यांचा डॉक्टर लागतो. असोसिएशन ऑफ एक्झॉटिक मॅमल व्हेटरिनेरियन्स या संघटनेच्या यादीतून घराजवळचा डॉक्टर आणि रात्री उघडा असलेला दवाखाना आधीच शोधून ठेवा. हाताशी पचनाला हलकं भरडलेलं पूरक अन्न आणि सुई काढलेल्या सिरिंज असू देत. खाणं थांबलं तर डॉक्टरांशी बोलून किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिलिलिटर, चार-सहा वेळा वाटून, गालाच्या बाजूनं भरवायचं. पोट टम्म फुगलेलं असेल तर भरवू नका, आधी दवाखान्यात न्या.

नवीन जागेत आल्यावर दोघी एकमेकींवर गुरगुरल्या, पाठीवर चढल्या, तर घाबरू नका. दोन-तीन दिवसांत ते निवळतं. रक्त निघालं तर मात्र वेगळ्या करा. नर-मादी पाळणाऱ्यांनी प्रवासाच्या तीन महिने आधीच त्यांना वेगळं ठेवावं. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, आणि गाभण मादीला कार्गोत पाठवणं म्हणजे दोन्ही जीव धोक्यात घालणं.

राहिली तुमची लेक. तिला ‘बघू’ म्हणून मे महिन्यात विमानात बसवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला खरं कारण समजतं: मे महिन्यात ऊन आहे, थोरली म्हातारी झाली आहे, ऑक्टोबरमध्ये वही बघून आपण ठरवू, आणि दोघी राहिल्या तरी त्या एकत्र राहतील. वजनाची वही तिच्याच हातानं सुरू करा, आजीनं रोज रात्री आकडे पाठवायचे आणि तिनं ते लिहायचे. थोरली त्या सहा महिन्यांत गेली, तर लेकीला तिकडे लगेच दुसरे गिनी पिग आणून देऊ नका. धाकटी इथे एकटी पडेल, तिच्यासाठी पुण्यातच जोडीदार शोधणं हे पहिलं काम असेल. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा प्राणी सोडवणाऱ्या गटांकडे एकटी राहिलेली शांत मादी मिळते. दोघींना आधी शेजारी-शेजारी दोन पिंजऱ्यांत आठवडाभर ठेवायचं, मग कुणाच्याच नसलेल्या जागी, भरपूर गवताच्या ढिगाशी, एकत्र सोडायचं.

या आठवड्यात तीन कामं करा: थोरलीची सोनोग्राफी आणि क्ष-किरण, सासूबाईंसोबत बसून वर लिहिलेला रोजचा कार्यक्रम करून बघणं, आणि न्यू जर्सीच्या घरमालकाला ईमेल. एजंटाला अजून काही देऊ नका.